दोनशे सत्तर स्टिका

गेल्या काही वर्षांत आपल्याकडच्या शहरांना भंगारातून शिल्पं उभी करण्याची ओढ लागली आहे. दिल्लीत २०१९ साली ‘वेस्ट टू वंडर’ उद्यान उघडलं. तिथे सुमारे दीडशे टन भंगारातून ताजमहाल, आयफेल टॉवर, पिसाचा कलता मनोरा अशी जगातल्या सात आश्चर्यांची रूपं घडवली आहेत. भोपाळमध्ये २०२३ साली पाच टन भंगाराची भली मोठी रुद्रवीणा उभी राहिली. या कामांमागचे कष्ट खरे आहेत, आणि टाकून दिलेल्या वस्तूकडे लोकांना पुन्हा बघायला लावणं ही लहान गोष्ट नाही. तरी एक प्रश्न मनातून जात नाही. त्या वीणेतला एखादा गिअर काढून त्या जागी लोखंडाचा दुसरा कुठलाही तुकडा जोडला, तर वीणेला काय फरक पडेल? काहीच नाही. लांबून वीणा दिसते, जवळून चेन आणि चाकं दिसतात, आणि या दोन दिसण्यांची एकमेकांशी ओळख नसते. चेन कधीकाळी काहीतरी ओढत होती, गिअर दाताला दात लावून फिरत होता. आता दोघेही चित्रातली रिकामी जागा भरतात. जबलपुरात खेळाच्या निकामी साहित्यातून एक मोठं शिल्प उभं राहावं असं मला मनापासून वाटतं, पण ते या वाटेने जाऊ नये असंही तितकंच वाटतं. हॉकीच्या जुन्या स्टिकांचा घोडा करू नये, तिथल्या इतिहासातल्या राणी दुर्गावतीचा पुतळा करू नये, शंभर स्टिकांची मिळून एक राक्षसी स्टिक तर मुळीच करू नये. त्यांची निखळ भौमितिक रचना करावी, आणि तिच्यात प्रत्येक स्टिक भार पेलत असावी.

माझ्या म्हणण्याचा पाया असा की खेळाचं साहित्य सरसकट भंगारात मोडत नाही. हॉकीची स्टिक घ्या. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे तिची लांबी १०५ सेंटिमीटरच्या वर चालत नाही, वजन ७३७ ग्रॅमच्या वर चालत नाही, आणि ५१ मिलिमीटर आतल्या व्यासाच्या कड्यातून ती पार व्हावी लागते. अंगाला बाक असला तरी तो २५ मिलिमीटरच्या आत. ज्या मैदानावर ती खेळते ते ९१.४० मीटर लांब आणि ५५ मीटर रुंद. गोलच्या दोन खांबांमधलं अंतर ३.६६ मीटर. खेळाडूचं धावणं, दमणं, पडून उठणं, सगळं या मोजलेल्या चौकटीत घडतं, आणि चौकट मोजलेली आहे म्हणूनच त्या धावण्याला अर्थ येतो. म्हणजे स्टिक जन्मापासूनच मापात आणि जोरात वाढलेली वस्तू आहे. ती निवृत्त कशी होते हेही पाहण्यासारखं आहे. जुन्या पद्धतीची स्टिक तुतीच्या लाकडाची. जालंधर आणि मेरठ इथे अशा स्टिका वर्षानुवर्षं घडत आल्या. चेंडूचा मार बसतो तो टोकाच्या वळणावर. तिथले रेषे सुटतात, चीर जाते, मग चेंडू सरळ जात नाही आणि स्टिक कोपऱ्यात पडते. दांडा मात्र बहुतेक वेळा शाबूत असतो. खेळाला निकामी झालेली वस्तू लांबीच्या दिशेने दाब आणि ताण घ्यायला अजून पुरेशी सक्षम असते. तिला निव्वळ दिसण्याच्या कामावर बसवणं हा तिच्यावर अन्याय आहे.

कलेचा इतिहास जाणणारा इथे पिकासोचं नाव घेईल, आणि ते घ्यायलाच हवं. सायकलची सीट आणि हँडल एवढ्या दोनच वस्तूंतून त्याने १९४२ साली बैलाचं डोकं केलं, आणि ते जगातल्या अतिशय सुंदर चित्ररूप शिल्पांपैकी एक आहे. कॅनडातल्या ब्रायन जुंगेन याने १९९८ पासून काही वर्षं बास्केटबॉलचे महागडे बूट उसवून त्यांतून तिथल्या आदिवासी परंपरेची आठवण देणारे मुखवटे शिवले. त्यातही बूट चित्रात हरवत नाही, उलट बुटाची किंमत आणि मुखवट्याचं नशीब हाच त्या कामाचा विषय होऊन बसतो. मी ही उदाहरणं नाकारत नाही. पण दोन वस्तूंतून बैल होतो तेव्हा दोन्ही वस्तू डोळ्यांसमोर राहतात; बैल, सीट आणि हँडल अशी तिघांची जा-ये चालते. वस्तूंची संख्या शेकड्यांत गेली की चित्र जिंकतं आणि वस्तू त्याचं कातडं होते. चिनी कलावंत आय वेवे याच्या ‘फॉरएव्हर बायसिकल्स’ या मालिकेत शेकडो सायकली एकमेकींत अडकवून जाळी उभी केली जाते. तिथे चित्र नाही, फक्त पुनरावृत्ती आणि जोडणी आहे. म्हणून शेकडो असूनही सायकल सायकलच राहते. मोठ्या आकाराच्या कामाला हा धडा मला अधिक विश्वासार्ह वाटतो.

आता रचनेकडे येऊ, कारण सगळा युक्तिवाद तिच्यावरच उभा आहे. चार दांड्या टोकांशी जोडून चौकोन केला तर तो हाताने ढकलताच तिरपा होतो. तीन दांड्यांचा त्रिकोण होत नाही. परांची बांधणारा गडी चौकटीच्या कर्णावर एक बांबू आडवा का टाकतो, त्याचं कारण हेच. भौतिकशास्त्रज्ञ जेम्स क्लर्क मॅक्सवेल यांनी १८६४ साली याचा हिशेब मांडला: त्रिमितीतली चौकट ताठ राहायची तर सांध्यांच्या तिपटीतून सहा वजा करून जी संख्या उरते, किमान तितक्या दांड्या हव्यात. वीस समभुज त्रिकोणांनी वेढलेल्या घनाला बारा कोपरे असतात आणि तीस कडा. बारा त्रिक छत्तीस, त्यातून सहा गेले, तीस. एकही दांडी कमी नाही, एकही जास्त नाही. मात्र ३६ इंची स्टिकांनी हा घन बांधला तर तो जेमतेम माणसाच्या उंचीचा होतो. त्याला मोठं करण्याची रीत अमेरिकी रचनाकार बकमिन्स्टर फुलर यांच्या घुमटांमुळे जगाला परिचित झाली. १९६७ च्या माँट्रिऑल प्रदर्शनातला प्रचंड गोल त्याच कुळातला. घनाच्या प्रत्येक त्रिकोणाचे नऊ लहान त्रिकोण करायचे आणि त्यांचे कोपरे गोलाच्या पृष्ठावर ढकलायचे. मग सांधे होतात ९२ आणि दांड्या २७०. मॅक्सवेलचा हिशेब पुन्हा लावा: ९२ त्रिक २७६, उणे सहा, २७०. इथेही शिल्लक शून्य.

या शून्यातच माझा मुख्य पुरावा आहे. भंगाराच्या वीणेतला गिअर काढला तरी वीणा जागची हलत नाही; या गोलातली एक स्टिक काढली की गणिताने तो गोल ढिला होतो. प्रत्यक्षात बोल्टने आवळलेले सांधे थोडा ताठपणा देतात, त्यामुळे तो लगेच कोसळणार नाही, पण काढलेल्या स्टिकेचा भार शेजारच्यांवर जातो आणि त्यांना तो जाणवतो. अकरा जणांच्या संघात एकाला कार्ड दाखवून बाहेर काढल्यावर उरलेल्या दहा जणांना जे करावं लागतं, त्याच्याशी याची जात मिळते. शोभेसाठी लावलेली एकही स्टिक नाही, असं शिल्प लोकांसमोर उभं राहणं मला फार मोलाचं वाटतं.

आणि हिशेब पुढे नेला की असं काही हाती येतं जे कुणी शिल्पकाराने योजलेलं नसतं. या गोलातल्या दांड्या एका लांबीच्या नसतात. त्या तीन लांब्यांच्या असतात. सर्वांत लांब १२०, त्याहून किंचित कमी अशा ९०, आणि बऱ्याच आखूड अशा ६०. लांब दांडी ३६ इंची धरली, तर मधली ३५ इंचांच्या थोडी वर येते आणि आखूड ३० इंचांच्या थोडी वर. पहिल्या दोन मोठ्या माणसांच्या स्टिका आहेत. त्यांतला पाऊण इंचाचा फरक सांध्यातच जिरवता येतो. तिसरी लहान मुलाची स्टिक आहे. गोलाचा व्यास सुमारे साडेचौदा फूट होतो, आणि एकेक स्टिक अर्ध्या किलोच्या थोडी वर धरली तर सगळ्या मिळून वजन दीडशे किलोच्या आसपास, सांध्यांचं लोखंड वेगळं. या ६० लहान स्टिका बसतात कुठे? बाकी ऐंशी सांध्यांवर सहा-सहा स्टिका येतात, पण बारा सांधे असे असतात जिथे पाचच येतात. ते बारा नसतील तर गोल मिटतच नाही; नुसत्या षट्कोनांनी गोल झाकता येत नाही, म्हणून ३२ तुकड्यांच्या फुटबॉलवरही पंचकोन बाराच असतात. या बारा ठिकाणांहून निघणाऱ्या पाचही दांड्या आखूड. म्हणजे पृष्ठभागाला जिथे वळण मिळतं, त्या प्रत्येक जागी पाच लहान मुलांच्या स्टिका एकत्र येतात. हे भूमितीने ठरवलेलं आहे. कुणी भावनेच्या भरात तसं ठरवलं असतं तर मला ते कदाचित खोटं वाटलं असतं.

स्टिकेचं वळलेलं टोक हा या सरळ रेषांच्या कामातला अडथळा. कापून टाकणं सोपं. पण टोक कापलेली स्टिक म्हणजे निव्वळ दांडका, मग बांबू काय वाईट? माझ्या मते सांध्याने दांड्याला वळणाच्या अलीकडे पकडावं आणि टोक बाहेरच्या बाजूला मोकळं सोडावं. प्रत्येक स्टिकेला टोक एकच, म्हणून २७० टोकं ९२ सांध्यांत वाटायची. सहाच्या सांध्यावर तीन टोकं आणि तीन मुठी, असं ऐंशी ठिकाणी बरोबर जमतं. २४० टोकं तिथे गेली. उरलेली तीस बारा पंचसांध्यांत वाटायची, म्हणजे सहा ठिकाणी तीन आणि सहा ठिकाणी दोन. सगळ्यांना सारखं देणं इथे शक्यच नाही, आणि ते तसंच असू द्यावं. बाहेर वळलेल्या २७० टोकांचा तो गोल पावसाळ्यात फुललेल्या कदंबाच्या फुलासारखा दिसेल. रंग मात्र लावू नये. मुठीवरची झिजलेली ग्रिप, वळणावर गुंडाळलेली टेप, कंपनीचं अर्धं खरवडलेलं नाव, दांड्यावर पेनाने लिहिलेली अक्षरं, हे सगळं जसंच्या तसं राहायला हवं. सोनेरी पत्र्याचा रंग चढवला की त्या २७० खेळाडूंचे हात पुसले जातात.

जबलपूरच का, याचं पहिलं कारण अनेकांना अनपेक्षित वाटेल. हे शहर जुन्या साहित्यातून नवी रचना करण्याचं एक जगप्रसिद्ध उदाहरण बाळगून आहे. १८७५ च्या पावसाळ्यात इथल्या छावणीत डेव्हनशायर रेजिमेंटच्या मेसमध्ये नेव्हिल चेंबरलेन नावाच्या एकोणीस वर्षांच्या अधिकाऱ्याने स्नूकर जुळवला. पुढे ब्रिटनचा पंतप्रधान झालेला चेंबरलेन वेगळा. टेबल बिलियर्ड्सचं होतं. पंधरा लाल चेंडू ‘पिरॅमिड्स’ या जुन्या खेळातले, रंगीत चेंडू ‘पूल’च्या प्रकारांतले. नवा चेंडू घडवायची गरज पडली नाही. नवी होती ती मांडणी आणि नियम. नियमांना नीट रूप १८८० च्या दशकात उटीच्या क्लबात मिळालं, पण जुळणी इथली. ज्या पंधरा लाल चेंडूंनी आजही प्रत्येक डाव सुरू होतो, त्यांचा त्रिकोण एक, दोन, तीन, चार, पाच अशा ओळींचा असतो, आणि त्याच्या पोटातल्या तिन्ही चेंडूंना बरोबर सहा शेजारी असतात. सपाट टेबलावर सहा शेजारी ही घट्ट बसण्याची परिसीमा. आपल्या गोलातले ऐंशी सांधे याच षट्कांचे भाऊबंद आहेत. बारा ठिकाणी एकेक शेजारी कमी केला की तीच सपाट मांडणी वळून गोल होते. एकाच शहरात या दोन्ही गोष्टी जवळ असाव्यात असं मला वाटतं, ते या भूमितीच्या नात्यामुळे.

स्नूकरचा अभिमान कशाला बाळगायचा, तो तर गोऱ्या अधिकाऱ्यांचा विरंगुळा होता, असं कुणी म्हणेल. ते खरंच आहे. मेसमधल्या पंख्याखाली तो खेळ चालत असताना पंखा ओढणारा कोण होता याची नोंद कुणी ठेवली नाही. तेव्हाचे चांगले चेंडू हस्तिदंताचे असत, आणि एका सुळ्यातून थोडेच चेंडू निघत. त्या टंचाईपायीच अमेरिकेत जॉन वेस्ली हयात याने १८६९ च्या सुमारास सेल्युलॉइडचे प्रयोग केले. मला या शिल्पात स्नूकरचे चेंडू बसवायचे नाहीत, तसा फलकही नको. पण एखाद्या मांडणीचा जन्म कुणाच्या हातून झाला यावरून तिचं पुढचं आयुष्य ठरत नाही. पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ साली कलकत्त्यात बिलियर्ड्सचं जागतिक हौशी विजेतेपद जिंकलं आणि भारताला कुठल्याही खेळातला पहिला जगज्जेता दिला. अधिकाऱ्यांच्या मेसमधलं टेबल तोवर आपल्या माणसांच्या हाती आलेलं होतं.

दुसरं कारण हॉकी. दिल्लीत १९८२ साली आशियाई स्पर्धांमध्ये महिलांची हॉकी पहिल्यांदाच खेळली गेली आणि भारताने सुवर्णपदक घेतलं. त्या संघातली, पुढे अर्जुन पुरस्कार मिळवणारी मधू यादव जबलपूरची. महिलांच्या हॉकीला या शहराने दिलेल्या खेळाडूंकडे महाराष्ट्रात आपलं फारसं लक्ष गेलं नाही, हे कबूल करायला हवं. तिसरं कारण मात्र मला सर्वांत वजनदार वाटतं: या शहराचे हात. तोफांचे गाडे बनवणारा इथला गन कॅरेज कारखाना १९०४ चा. खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना दुसऱ्या महायुद्धातला. वाहन कारखाना १९६९ चा; लष्कराचे शक्तिमान ट्रक आणि जोंगा गाड्या या शहरात घडल्या, आणि जोंगाच्या नावाचं पहिलं अक्षरच जबलपूरचं. इथे पिढ्यान्‌पिढ्या फिटर, टर्नर, वेल्डर तयार झाले. त्यांच्याशिवाय हा गोल कागदावरच राहील, कारण खरी परीक्षा सांध्यांची आहे. ९२ सांधे तीन जातींचे: बारा पाच फाट्यांचे, आणि सहा फाट्यांचे ऐंशी, त्यांत पुन्हा साठ एका कोनांचे व वीस दुसऱ्या. म्हणजे तीन जिग, तुकडे ठरल्या कोनात धरणारे साचे, नीट बनवले की सगळे सांधे त्यांवर उतरतात. सगळ्या दांड्या एकाच प्रमाणात लांब झाल्या तर बिघडत नाही, गोल थोडा मोठा होतो इतकंच. पण एक दोन मिलिमीटर जास्त, दुसरी तीन मिलिमीटर कमी असं होत गेलं तर ती चूक सरकत सरकत शेवटच्या फेरीत साठते आणि अखेरच्या स्टिका बसायला नकार देतात. वापरलेल्या स्टिका तर एकसारख्या असूच शकत नाहीत. कुणी बाकलेली, कुणी टोकाला झिजलेली. म्हणून प्रत्येक फाट्यात आटे पाडून मागेपुढे करायला जागा ठेवावी लागेल, आणि एकेक स्टिक मोजून तिला तिची जागा द्यावी लागेल. परिपूर्ण आकृती आणि अपूर्ण वस्तू यांच्यातली ही झटापट टाळण्याजोगी नाही. काम म्हणतात ते हेच.

भौमितिक आकार सामान्य माणसाला कळत नाही, त्याला चेहरा लागतो, हा आक्षेप मी फार वेळा ऐकलेला आहे आणि तो मला लोकांचा अपमान वाटतो. त्याचं उत्तर जबलपूरपासून जवळच आहे. भेडाघाटच्या टेकडीवरचं चौसष्ट योगिनींचं देऊळ कलचुरींच्या काळातलं, सुमारे हजार वर्षांपूर्वीचं. नाव चौसष्टाचं असलं तरी तिथल्या वर्तुळात ८१ योगिनींच्या जागा आहेत. मूर्ती बहुतेक भग्न आहेत. कुणाचे हात गेले, कुणाचं मुख. पायऱ्या चढून आत गेलेल्या माणसाला तरीही पहिल्या क्षणी जे भिडतं ते त्या आवाराचं वर्तुळ. कोणती योगिनी कोणती हे न कळणारासुद्धा मधोमध उभा राहून एकदा सगळीकडे फिरून पाहतो. चेहरे फोडता आले, वर्तुळ फोडता आलं नाही. रांगोळीचे ठिपके जोडणाऱ्या आणि दक्षिणेतल्या कोलमची जाळी पाहत वाढलेल्या देशात भूमिती परकी आहे असं म्हणणं मला पटत नाही.

याहून गंभीर आक्षेप माणुसकीचा आहे. ज्या मुलाकडे स्टिक नाही त्याच्या हातात ती द्यायची सोडून तिचं शिल्प करायचं? नाही, तसं कधीही करू नये. जी स्टिक अजून चेंडू मारू शकते ती मैदानावरच राहिली पाहिजे. शिल्पाचा क्रमांक खेळाच्या नंतर. पण चीर गेलेली स्टिक मुलाच्या हातात देणं ही दया नव्हे. तिच्या फाकलेल्या रेषांनी हात फाटतो. शिवाय आजचा ढीग पूर्वीचा नाही. १९७६ च्या माँट्रिऑल ऑलिंपिकपासून हॉकी गवतावरून कृत्रिम मैदानावर गेली, आणि पुढे लाकडाची जागा कार्बन व काचतंतूंच्या स्टिकांनी घेतली. लाकडी स्टिक दोरा गुंडाळून, डिंक भरून सांधता यायची आणि अगदीच गेली तर चुलीत जायची. राळेत घट्ट बसलेले तंतू वितळत नाहीत, सुटे होत नाहीत, जाळले तर विषारी धूर होतो. टोक फुटलेल्या अशा स्टिकेचं करायचं काय, याचं नीट उत्तर आज क्लबांकडे नाही. भार पेलणाऱ्या रचनेत तिला कैक वर्षांचं काम मिळतं.

पावसाचा प्रश्न उरतो. ज्या पावसाने अधिकाऱ्यांना मेसमध्ये कोंडून स्नूकर जुळवायला लावला, तोच पाऊस तुतीच्या लाकडाला काही वर्षांत कुजवेल. कुणी म्हणेल छत घाला, कुणी म्हणेल फक्त कार्बनच्या वापरा. मला दोन्ही नको. लाकडी आणि कार्बनच्या स्टिका मिसळून लावाव्यात आणि कुजलेली स्टिक दर वर्षी मृगाच्या आधी बदलावी. बदलताना खाली टेकू द्यावा लागेल, दोन सांधे ढिले करावे लागतील, नव्या स्टिकेचं माप घ्यावं लागेल. म्हणजे दर वर्षी एखादा वेल्डर आणि चार-सहा खेळाडू एकत्र यावे लागतील. न बदलता टिकणाऱ्या शिल्पांकडे उद्घाटनानंतर कुणी फिरकत नाही, हे आपल्या चौकाचौकांत दिसतं. भूकंपाचीही भीती घालतील, आणि २२ मे १९९७ च्या पहाटे हादरलेल्या शहरात ती भीती घालण्याचा हक्क सर्वांना आहे. पण भूकंपाचा जोर वस्तूच्या वजनाबरोबर वाढतो. हा गोल हलका आहे आणि त्रिकोणांनी बांधलेला आहे. खालचे सांधे दगडी जोत्यात घट्ट रोवले की चबुतऱ्यावरच्या ओतीव पुतळ्यापेक्षा तो कितीतरी सुरक्षित.

जागा रानीतालच्या क्रीडासंकुलाजवळची असावी, भेडाघाटच्या पर्यटक रस्त्यावरची नको. खेळून परतणाऱ्या मुलीला आपली गेल्या वर्षीची स्टिक कुठल्या सांध्यात आहे ते बोटाने दाखवता यायला हवं. मोठ्या स्टिका मिळणं कठीण नाही. रेल्वे, कारखाने, पोलीस, शाळा-कॉलेजं यांच्याकडून निकामी झालेल्या २१० स्टिका गोळा होतील. अडचण त्या ६० लहान स्टिकांची आहे. मूल उंचीने वाढतं आणि त्याची स्टिक न तुटताच लहान पडते, म्हणून चांगली लहान स्टिक न्यायाने दुसऱ्या मुलाकडे जायला हवी, शिल्पाकडे येऊच नये. खरोखर मोडलेल्या तीस इंची स्टिका साठ जमायला बराच काळ लागेल. मोठ्या स्टिका कापून ते माप पटकन गाठता येईल आणि उद्घाटनाची तारीख सांभाळता येईल. तसं करू नये. बारा पंचसांधे लहान मुलांच्या हातून आलेल्या स्टिकांनीच मिटले पाहिजेत, आणि त्या येईपर्यंत गोल उघडाच राहिला तरी चालेल.